जसे आहे, जेथे आहे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात लिलावाच्या नोटिसा येतात. थकलेल्या कर्जापोटी बँकेने ताब्यात घेतलेला फ्लॅट असो की ट्रॅक्टर, विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होईल असं त्यात ठरलेलं वाक्य असतं. म्हणजे घेणाऱ्याने बघून घ्यावं, नंतर तक्रार चालणार नाही. ट्रॅक्टरपुरतं हे ठीक आहे. पण बंद पडलेला कारखानाही आपल्याकडे याच वाक्यावर विकला जातो: शेड, यंत्रं, पाइप, टाक्या, बॉयलर, चिमणी, सगळं एका रकमेत. जागेचा ताबा मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी गॅसकटर पेटतो. कारखान्यात बघून घेता येत नाहीत अशा गोष्टी पुष्कळ असतात आणि त्या कळतात तेव्हा बहुधा कटर हातात धरलेल्या माणसाला कळतात. मोठे कारखाने निवृत्त कसे करावेत आणि सुरक्षितपणे कसे उतरवावेत, हे सांगणारी ही पुस्तिका मराठीत असावी असं वाटलं, त्याचं कारण हे आहे.

ती बंगळुरूत बसून लिहिली गेली, हेही योग्यच झालं. हे शहर संगणकाचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याआधी ते भोंग्याचं शहर होतं. १८८४ साली इथे लोकर, सूत आणि रेशमाची गिरणी निघाली. पुढे सगळे तिला बिन्नी मिल म्हणू लागले आणि तिच्याभोवती बिन्नीपेट वसलं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन डिसेंबर १९४० मध्ये विमानांचा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये इलेक्ट्रिक मोटारींची कंपनी इथेच उभी केली. मग आयटीआय, एचएमटी, बीईएल आले, आणि बैयप्पनहळ्ळीला जर्मनीच्या एईजीच्या सहकार्याने ट्रान्सफॉर्मर, मोटारी आणि स्विचगिअर बनवणारा एनजीईएफ आला. घटनेच्या मूलभूत चौकटीवरच्या १९८०च्या निकालामुळे वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओठी असलेली मिनर्व्हा मिलसुद्धा बंगळुरूचीच.

आज बिन्नी मिलच्या जागी इमारती आहेत. राजा मिलच्या जागी मंत्री मॉल आहे, मल्लेश्वरमच्या पश्चिमेला किर्लोस्करांच्या जागेवर ब्रिगेड गेटवे. एनजीईएफ २००२ मध्ये बंद झाला. त्याच्या जमिनीचा काही भाग मेट्रोच्या डेपोला गेला. २० ऑक्टोबर २०११ रोजी शहरातली पहिली मेट्रो धावली ती बैयप्पनहळ्ळीच्या मार्गावरच. एचएमटीच्या घड्याळांचा कारभार गुंडाळायचं २०१६ मध्ये ठरलं. एक कारखाना जातो आणि दुसरं काही उभं राहतं, यात रडण्यासारखं काही नाही. शहरं अशीच बदलतात. बोलायचं आहे ते मधल्या काळाबद्दल. भोंगा बंद झाला त्या दिवसापासून नव्या इमारतीच्या भूमिपूजनापर्यंत त्या जागेवर काय घडलं, कोणी केलं, काय काढलं आणि ते कुठे गेलं? कारखान्याच्या उद्घाटनाची कोनशिला असते, सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका असते. उतरवण्याची साधी नोंदवहीही सहसा सापडत नाही.

आपल्या टीव्हीवर पाडकाम दिसतं ते सुरुंगाचं. २८ ऑगस्ट २०२२ला नोएडाचे जुळे मनोरे सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी काही सेकंदांत खाली बसले आणि सगळा देश बघत राहिला. काम चोख झालं होतं, मुंबईच्या एडिफिस कंपनीने दक्षिण आफ्रिकेच्या तज्ज्ञांबरोबर केलं होतं. त्यानंतर महिन्याभरातच पुण्याच्या चांदणी चौकातला पूल उडवायचा ठरला. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री स्फोट झाला, धूळ खाली बसली, आणि पुलाचा बराच सांगाडा जागेवरच! आत पोलाद अपेक्षेपेक्षा जास्त निघालं असं तेव्हा सांगण्यात आलं. मग पोकलेन आणि ब्रेकर लावून उरलेलं काढावं लागलं. इजा कोणाला झाली नाही, म्हणून लोकांनी त्यावर विनोद केले. मला त्यात एक गंभीर गोष्ट दिसते. जेमतेम तीस वर्षांच्या, भर रस्त्यावरच्या, सरकारी पुलाच्या पोटात काय आहे हेही जर आपल्याला नेमकं ठाऊक नसेल, तर साठ वर्षांच्या कारखान्याचं काय? नोएडाचे मनोरे तर कोरे सांगाडे होते. त्यांच्यात कधी तेल, आम्ल किंवा वाफ वाहिली नव्हती. पुढच्या वर्षी १५ जूनला सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची उंच चिमणी विमानतळासाठी पाडली गेली, तीही सुरुंगानेच. गाजलेलं प्रकरण होतं, पण पाडकामाच्या दृष्टीने एकटी उभी चिमणी हा सोपा भाग. अवघड भाग तिच्या पायथ्याशी असतो.

त्या पायथ्याशी थोडं थांबू या. ट्रान्सफॉर्मर घ्या. शेडच्या मागच्या अंगाला, तारेच्या कुंपणात, पंखांसारख्या रेडिएटरचा हा डबा उभा असतो. भंगारवाल्याच्या लेखी तो म्हणजे आतलं तांबं. झाकणाचे बोल्ट निघत नाहीत म्हणून कटरने कापायचं, त्याआधी खालची चावी उघडून तेल जमिनीवर किंवा मिळेल त्या पिंपात सोडायचं, मग गाभा उचलून गुंडाळ्या उलगडायच्या. तासा-दोन तासांत काम उरकतं. आता ते तेल. जुन्या काळी काही ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांच्यात पीसीबी नावाचा द्रव घालत. तो सहजी पेट घेत नाही, उष्णता सोसतो, वर्षानुवर्षं बिघडत नाही. अभियंत्याला याहून काय हवं? पण हेच न बिघडणं पुढे नडतं. मातीत गेला तर तो तिथेच राहतो, अंगात गेला तर चरबीत साठतो आणि कमी आचेवर जळला तर त्यातून डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. शिवाय ज्यात मुळात साधं खनिज तेल होतं, त्यातही पीसीबी निघू शकतो, कारण तेल गाळायचं एकच यंत्र एका ट्रान्सफॉर्मरवरून दुसऱ्यावर फिरत आलेलं असतं. डोळ्यांनी, वासाने, रंगाने यातलं काहीच कळत नाही. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

आणि ती प्रयोगशाळा बंगळुरूत आहे. सीपीआरआय, म्हणजे १९६० पासूनची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था. देशातल्या पीसीबीची मोजदाद आणि विल्हेवाट यांचं मोठं काम तिच्याकडे सोपवलं गेलं. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आदेश काढून पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद केली आणि वापर थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घातली. ज्या शहरात ट्रान्सफॉर्मर बनवले गेले, त्याच शहरात त्यांचं तेल तपासण्याची सोय आहे. मग गुजरीत, म्हणजे इथल्या भंगारबाजारात, जाणारा प्रत्येक जुना ट्रान्सफॉर्मर तपासणीचा कागद घेऊनच गेटबाहेर पडावा, ही मागणी अवाजवी कशी म्हणता येईल?

वाफेच्या पाइपांवरचं अॅस्बेस्टॉस ही दुसरी गोष्ट. वरून अॅल्युमिनिअमचा चकचकीत पत्रा आणि त्याखाली पांढरट-करडा, वाळल्या चुन्यासारखा लेप. अॅल्युमिनिअमला भाव आहे आणि लेपाला नाही, म्हणून पोरं हातोडीने ठोकून पत्रा सोडवतात आणि लेपाचा भुगा शेडभर उडतो. तंतू इतके बारीक की दिसत नाहीत, खोकलाही लगेच येत नाही. फुप्फुसाचा विकार किंवा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५च्या निकालात अॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितली आहे. रोजंदारीवर पंधरा दिवस पाइप सोलायला आलेल्या माणसाची नोंद कोण ठेवतो? खरं तर काम अवघड नाही. लेप आधी पाण्याने भिजवायचा, न फोडता सोडवायचा, दुहेरी पिशवीत बांधून वर खूण करायची, माणसाला योग्य मास्क द्यायचा आणि त्याच्या अंगावरचे कपडे घरी जाऊ द्यायचे नाहीत. शेवटची गोष्ट लोक विसरतात. ते कपडे धुणाऱ्या बायकांना हा रोग झाल्याचे दाखले जगभर आहेत.

तिसरी गोष्ट रिकामी टाकी. इंधनाची भरलेली टाकी पाहून माणूस सावध राहतो, रिकामी पाहून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात उलट हवं. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते, आणि नुकत्या उपसलेल्या टाकीत नेमकं हेच प्रमाण सहज जमतं. तळाच्या गाळात आणि गंजाच्या पापुद्र्याखाली तेल अडकलेलं असतं. सकाळी गॅसमीटर शून्य दाखवतो, दुपारी कटरच्या आचेने वाफ निघते. त्यात भर म्हणजे गंज स्वतःच हवेतला ऑक्सिजन खातो. वर्षभर झाकण लावून ठेवलेल्या लोखंडी टाकीत उतरणारा माणूस कुठल्याही विषारी वायूशिवाय कोसळू शकतो, आणि त्याला काढायला धावत खाली उतरलेला दुसराही. ‘व्हॉल्व्ह बंद आहे’ हे वाक्य या धंद्यात सगळ्यात घातक. जुना व्हॉल्व्ह गळतोच. फ्लँज उघडून मध्ये ब्लाइंड, म्हणजे आंधळी तबकडी, घातली तरच लाइन तुटली असं मानायचं. विजेचंही तसंच: मुख्य स्विच काढला तरी जनरेटर, यूपीएस, शेजारच्या युनिटमधून घेतलेली जुनी तात्पुरती केबल आणि चार्ज धरून बसलेला कपॅसिटर उरतात.

पाइप आणि टाक्या झाल्यावर सांगाडा येतो. औष्णिक केंद्राचा बॉयलर जमिनीवर उभा नसतो, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तापला की तो इतका प्रसरण पावतो की त्याला खालून आधार देता येत नाही. म्हणून तो वरच्या भल्यामोठ्या गर्डरांना टांगलेला असतो आणि तापल्यावर खाली वाढतो. हजारो टन वजन माथ्यावर, आणि ते पेलणारे खांब खाली. साध्या इमारतीच्या हिशेबाने ‘आधी खालचं मोकळं करून घेऊ’ म्हणणाऱ्याने इथे आपल्याच डोक्यावरचा भार मोकळा केलेला असतो. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या डिडकॉट केंद्राचं बॉयलरघर २३ फेब्रुवारी २०१६ रोजी स्फोटासाठी तयार करतानाच, ठरल्या दिवसाआधी, कोसळलं. चार कामगार गेले. उरलेला भाग इतका डळमळीत होता की जवळ जाणं शक्य नव्हतं. जुलैत यंत्रमानवाकरवी स्फोटकं लावून तो पाडला, तेव्हा कुठे ढिगाऱ्यात शिरता आलं. शेवटचा मृतदेह सप्टेंबरमध्ये मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात उल्सानच्या बंद केंद्रात पुन्हा तेच: पाडण्यापूर्वी खांब कमजोर करताना बॉयलरचा मनोरा पडला आणि सात माणसं गेली. हे दोन्ही देश यंत्रात, कायद्यात, पैशात आपल्यापुढे आहेत. आपल्याकडचे जुने औष्णिक संचही आज ना उद्या निवृत्त व्हायचेच आहेत, म्हणून या पुस्तिकेत बॉयलरघरावरचं प्रकरण सगळ्यात लांब आहे. ते कंटाळा न करता वाचावं.

मांडव ज्याने घातला, त्यालाच कुठली गाठ आधी सोडायची ते ठाऊक असतं. कारखान्यात अशी माणसं असतात. कुठली लाइन नकाशात एका जागी आणि प्रत्यक्षात दुसऱ्या जागी आहे, कुठल्या खड्ड्यात कधीकाळी प्लेटिंगचं पाणी सोडलं होतं, कुठला खांब क्रेनच्या धक्क्याने वाकल्यावर आतून पट्टी मारून घेतला, हे त्यांच्या डोक्यात असतं. आराखड्यात ते कधी उतरलेलं नसतं. आणि आपली पद्धत अशी की कारखाना बंद करायचा ठरला की पहिल्यांदा हीच माणसं स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवली जातात. मग कायदेशीर गुंता, देणी, न्यायालय यांत वर्षं जातात; आराखड्यांच्या कपाटांना वाळवी लागते, तांब्याची चोरी सुरू होते, शेडमधून पिंपळ वर येतो. शेवटी लिलाव होतो तेव्हा विकणाऱ्याला काय विकतोय ते माहीत नसतं, आणि घेणारा फक्त टनांचा हिशेब करतो. अपघाताची मुळं मला कटरच्या ठिणगीपेक्षा या क्रमात अधिक दिसतात.

पैशाची दिशाही उलटी आहे. कारखाना उभारताना मालक कंत्राटदाराला पैसे देतो. उतरवताना कंत्राटदार मालकाला पैसे देतो, आणि ते भंगारातून वसूल करतो. जितक्या लवकर तांबं आणि पोलाद बाहेर पडेल तितकं व्याज कमी. भिजवणं, मोजणं, ब्लाइंड घालणं, थांबणं यांचा एकही रुपया त्या हिशेबात नसतो. फायर हायड्रंटची लाइन चांगल्या लोखंडाची म्हणून पहिल्याच आठवड्यात कापली जाते आणि पुढचे सहा महिने पाण्याविना गॅसकटिंग चालतं. खरं तर ती लाइन सगळ्यात शेवटी निघायला हवी. अणुऊर्जेचा अपवाद बघण्यासारखा आहे: अणुभट्ट्या पुढे कधीतरी मोडाव्या लागतील म्हणून विजेच्या प्रत्येक युनिटमागे २ पैसे बाजूला काढले जातात. खाणींना २००३ पासून बंद करण्याचा आराखडा सक्तीचा आहे. साखर कारखाना, रंगांचा कारखाना, फाउंड्री, औष्णिक केंद्र यांनी चालू असतानाच असं काही बाजूला का काढू नये?

बाजूला न काढल्याचं मोल बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर दिसतं. कोलारच्या सोन्याच्या खाणी जॉन टेलर कंपनीने १८८० पासून खणल्या. तीन किलोमीटरपेक्षा खोल गेल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. वर राहिले ते सोनं काढून उरलेल्या, सायनाइडच्या प्रक्रियेतून गेलेल्या भुकटीचे ढीग, सुमारे ३.३ कोटी टन. वारा सुटला की ती धूळ अजून घरांत येते. भोपाळचं सांगायलाच नको. १९८४च्या डिसेंबरमधल्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर कारखाना थांबला, पण निवृत्त असा कधी झालाच नाही. आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ साल उजाडलं. आणि २०१० साली दिल्ली विद्यापीठातलं कोबाल्ट-६०चं जुनं उपकरण लिलावात भंगारवाल्यांना विकलं गेलं, मायापुरीच्या बाजारात फोडलं गेलं, किरणोत्साराने एक माणूस गेला आणि कित्येक आजारी पडले. विकणारे लोक अडाणी नव्हते. खोलीत पडलेल्या पेटीत काय आहे, हे सांगू शकणारा माणूस फक्त त्या दिवशी तिथे नव्हता.

कायद्यांबद्दल पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, इथे एवढंच सांगतो. पाडकामाची सुरक्षा सांगणारं आयएस ४१३० हे मानक आपल्याकडे आहे, १९९१ची त्याची सुधारित आवृत्ती मिळते आणि ती वाचायला अवघड नाही. बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्यात ‘पाडणं’ स्पष्ट शब्दांत आलं, पण ज्याला कारखाने कायदा लागू आहे ते काम त्यातून वगळलेलं होतं. मग बंद कारखान्याचं पाडकाम कोणत्या खात्याकडे, हा वाद अपघातानंतरच सुरू व्हायचा. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. हा वाद आता तरी अपघाताआधी मिटवावा. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियमही आले. जमीन विकण्यापूर्वी माती तपासायला त्यांचा आधार घेता येईल, आणि घ्यावा.

पुस्तिकेचा वाचक म्हणून डोळ्यांसमोर तीन माणसं ठेवली आहेत. पहिला बेळगाव-निपाणीकडून किंवा मराठवाड्यातून आलेला मुकादम, ज्याच्या शब्दावर दहा माणसं वर चढतात. त्याच्यासाठी रोजच्या परमिटचे नमुने मोठ्या अक्षरांत दिले आहेत, आणि कुठल्या वेळी काम थांबवून खाली उतरायचं तेही. दुसरा प्लांट इंजिनिअर, ज्याच्यावर कारखाना बंद करायची जबाबदारी अचानक येऊन पडते. तिसरा माणूस महत्त्वाचा, आणि तो कधी साइटवर येत नाही: लिलावाची कागदपत्रं तयार करणारा. त्याला एक विनंती. ‘जसे आहे, जेथे आहे’ लिहिण्यापूर्वी निविदेला चार कागद जोडावेत: प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा अहवाल, अॅस्बेस्टॉस आणि किरणोत्सारी साधनं यांची जागावार यादी, प्रत्येक टाकीत शेवटी काय होतं त्याची नोंद आणि सांगाडा कुठल्या क्रमाने उतरवायचा त्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही केलेला आराखडा. हे कागद तयार करायला मेंटेनन्सच्या पाच-सहा जुन्या फिटर-वायरमनना आणि बॉयलर अटेंडंटला निवृत्तीनंतर काही महिने मानधनावर ठेवावं लागेल. त्यांना हातात खडू देऊन कारखानाभर फिरवावं आणि ते सांगतील ते पाइपावरच लिहून घ्यावं: यात काय होतं, कुठून येतं, कुठे तुटतं. एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याला जी किंमत येते, तिच्यात हा खर्च भागतो. तोही जड वाटत असेल, तर लिलावाची बोली तेवढ्याने कमी धरावी.